म्हादबामामांचे कान

"बुवा कुठं गेले?" म्हादबामामांनी विचारलं.

खोलीत आम्ही चौघंच होतो. मामा, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या लाकडी खुर्चीत, मी शेजारी स्टुलावर, दारात माझी बायको शैला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सासूबाई. बुवा म्हणून कुणी आलेलंच नव्हतं. मी जरा घाबरून शैलाकडं पाहिलं.

"आप्पा कॅसेटमधल्या बुवांबद्दल बोलतायत," ती म्हणाली.

"गातायत की ते," मी म्हणालो. "ऐकू येतंय ना चांगलं."

"ऐकू येतंय हो. पण हायत कुठं?" मामांनी समोर दोन स्पीकरांच्या मधे भिंतीवर लावलेल्या कॅलेंडरकडं बोट केलं. "रोज हितं बसत्यात. दोन खोक्यांच्या मधोमध, त्या कॅलेंडरच्या खाली. डाव्या अंगाला पेटी, उजव्या अंगाला पखवाज, मधे बुवा. आज पेटी-पखवाज हायत, त्येबी पातळ झाल्यासारखे. बुवा तर न्हाईतच. नुसता आवाज घरभर हिंडतोय."

मी कान देऊन ऐकलं. मला तर सगळं झकास वाटत होतं. वाटणारच. सगळी जोडाजोडी त्या दिवशी दुपारी मीच केली होती.

ही गोष्ट एकतीस-बत्तीस वर्षांपूर्वीची. माझ्या लग्नाला सात महिने झाले होते आणि लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना लागला होता. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्या महिन्यात जावयाचा भाव काय असतो ते ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. विट्याच्या स्टँडवर उतरल्यापासून माझ्या हातात पिशवीसुद्धा कुणी राहू दिली नव्हती. पाणी प्यायला उठलो तरी सासूबाई "अगं शैला, पाव्हणं उठलं!" अशी हाक द्यायच्या, जणू घराला आग लागली. दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारशांचं वाण होतं. त्या तेहतीसांतले निदान अर्धे माझ्या पोटात जावेत अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

मामा पेटीवाले. म्हणजे हार्मोनियम बनवणारे आणि दुरुस्त करणारे. आसपासच्या गावांतल्या बहुतेक भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. पेटीच्या पोटात पितळेच्या लहान पट्ट्या असतात, त्यांना सूर म्हणतात. सुराचं टोक घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. हे घासणं केसाएवढं. कुठं थांबायचं ते फक्त कान सांगतो. चाळीस वर्षं मामांचं घर त्या कानांवर चाललं होतं.

त्यांना एकच शौक होता. पुण्याहून आणलेला टेप आणि अँप्लिफायर, आणि त्याला स्वतःच्या हातानं केलेली सागवानी स्पीकरची दोन खोकी. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की खुर्ची बरोबर मधे ठेवून एक कॅसेट ऐकायची. त्या वेळी घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही.

मी आलो त्याच दिवशी मामांनी खोक्यांसाठी उंच घोड्या करून ठेवल्या होत्या. खोकी जमिनीवरून घोड्यांवर चढवली तर जुनी वायर पुरेना. मामा म्हणाले, उद्या बघू. मी वीज मंडळात ज्युनियर इंजिनियर. सासुरवाडीत सकाळपासून लोडाला टेकून बसून माझ्या अंगाला मुंग्या आल्या होत्या. मी म्हणालो, "उद्या कशाला? सरका मामा बाजूला."

घरात बल्बच्या होल्डरला लावतात ती पांढरी पिळाची वायर होती. तीच मी कापली. मामा शेजारी उभे होते. त्यांनी जुनी वायर हातात धरून विचारलं, "पाव्हणं, ह्येच्यात एक तार लाल हाय, एक काळी. नव्या वायरीत दोन्ही पांढऱ्याच. कुठली कुठं, ते बघाया नको?"

मी हसलो. आजही ते हसू आठवलं की कानशिलं गरम होतात.

"मामा, एसीला उलटं-सुलटं नसतं. पिन कशीही खुपसा, बल्ब लागतोच. आमचं रोजचं काम आहे हे."

"तसं व्हय," मामा म्हणाले आणि त्यांनी जुनी वायर मुकाट्यानं गुंडाळून ठेवली.

आता तेच मामा खुर्चीतून उठून अँप्लिफायरपाशी गेले. तिथं एक बटण होतं. ते डावीकडं फिरवलं की नुसतं डावं खोकं वाजतं, उजवीकडं फिरवलं की नुसतं उजवं. त्यांनी ते डावीकडं फिरवलं आणि डोळे मिटून ऐकलं. "डावं खोकं झकास." मग उजवीकडं. "ह्येबी झकास." मग बटण मधोमध आणलं आणि खुर्चीत येऊन बसले.

"गेले बुवा."

"तुम्हाला भास होतोय," सासूबाई म्हणाल्या. "मला तर रोजच्यासारखंच ऐकू येतंय. चला, पाव्हण्यांना भूक लागली असंल."

मला अजिबात भूक नव्हती, पण कुणी विचारलं नाही.

जेवून हात धुताना मामा मला म्हणाले, "डावं खोकं ठीक. उजवं ठीक. वायर तर तुम्ही जोडलेली. मग राह्यलं काय?"

त्यांनी ओल्या हातानं आधी डावा कान चाचपला, मग उजवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात डोकावलो तर मामा स्वर तपासायचा दुपाखी काटा गुडघ्यावर आपटून आलटूनपालटून दोन्ही कानांशी धरत होते. समोर इनामदारबाईंची पेटी उघडून ठेवलेली. बाई कन्याशाळेत गाणं शिकवायच्या. रविवारी देवळात भजनाचा मोठा कार्यक्रम होता आणि साथीला त्या बसणार होत्या. पेटी दुहेरी सुरांची. प्रत्येक पट्टीखाली दोन सूर, आणि ते दोन्ही एकमेकांत इतके मिसळायला हवेत की ऐकणाऱ्याला एकच वाटावा.

"जमतंय का मामा?"

"डावा कान ठीक हाय," मामा म्हणाले. "उजवाबी ठीक हाय. दोघांचं एकमेकांशी जुळंना झालंय. काल बुवा मधे आले न्हाईत त्ये त्याच्यामुळंच. दोन कान दोन वाटंला गेल्यावर बुवांनी बसायचं कुठं?"

"असं कुठं असतं का?"

"ह्यो पंचम बगा." त्यांनी भाता हलवून एक पट्टी दाबली. "मला जुळल्यासारखा वाटतोय. पर कालपास्नं मला काय वाटतंय, त्याच्यावर माझाच इस्वास न्हाई. घासू का थांबू?"

हातातली कानस त्यांनी सुरावर टेकवली, उचलली, परत टेकवली. मग खाली ठेवली. मला आदल्या दिवशीच्या त्या दोन्ही पांढऱ्या तारा आठवल्या.

दुपारी धोंड्याचं जेवण झालं. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढले. मामांनी एकाला हात लावला आणि "पाव्हण्यांना वाढ" म्हणून उठले. सगळे आडवे झाल्यावर मी हळूच टेप लावला, आवाज बारीक ठेवला आणि पहिल्यांदाच मामांच्या खुर्चीत बसलो. आदल्या दिवशी मी बाजूला स्टुलावर होतो. मधोमध बसल्यावर कळलं. पेटी डावीकडं, पखवाज उजवीकडं, आणि बुवांचा आवाज कधी माझ्या पाठीमागं, कधी डोक्यात, कधी कुठंच नाही. कॅलेंडरखाली चिटपाखरू नव्हतं.

चप्पल घालून मी बाजारपेठेत गेलो. तिथं रशीदभाई शिकलगार मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे. दुकानात कर्णे आणि खोकी छपरापर्यंत रचलेली. मी आपला सहज म्हणून विचारलं, की समजा असं-असं होत असेल, तर काय बिघडलं असेल?

रशीदभाईंनी चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. "एका खोक्याची वायर उलटी लागलीय."

"पण एसीला उलटं-सुलटं नसतं ना?"

"त्ये बल्बला, साहेब. बल्ब एकटा असतो. हितं दोघांनी मिळून गायचंय." त्यांनी दोन्ही तळहात समोर धरले. "ह्यो एका खोक्याचा पडदा, ह्यो दुसऱ्याचा. दोघं एकदम पुढं, एकदम मागं गेलं पायजेत." तळहात एकत्र पुढंमागं झाले. "एकाची वायर उलटी झाली, की ह्यो ढकलतोय तवा त्यो वढतोय. मधला आवाज मरतो, आणि खालचा बेस तर पार जातो. एकेक खोकं लावून बघा, काय सापडायचं न्हाई. चूक एकट्यात नसतीच."

"कळणार कसं, कुठलं उलटं आहे?"

"पेन्सिल सेल घ्या. वायरीला टेकवा. एकाचा पडदा बाहेर उडी मारंल, दुसऱ्याचा आत. एकाच्या दोन तारा बदला, झालं काम." मग कप ठेवून त्यांनी विचारलं, "जोडलं कुणी?"

"आमच्याकडं एक... वायरमन आहे."

"आसं," रशीदभाई माझ्याकडं बघत म्हणाले. "वायरमनला सांगा, इचारलं तर कुणी खात न्हाई."

घरी आलो तर सामसूम. सेल हवा होता. मी भिंतीवरचं घड्याळ काढलं, सेल बाहेर घेतला, खोक्यांवरचं कापड खालून सोडवलं आणि अँप्लिफायरच्या बाजूची वायर काढून सेल टेकवला. डाव्या खोक्याचा पडदा टक् करून बाहेर आला. उजव्याला त्याच बाजूनं टेकवला. टक् करून आत गेला.

"काय करताय?"

मागं शैला उभी. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या. माझ्या एका हातात सेल, काखेत घड्याळ.

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तशी तिच्या भुवया वर चढत गेल्या.

"म्हणजे आप्पांच्या कानांना काही झालेलं नाही?"

"हळू बोल. काहीही नाही. दोन तारा बदलायच्या, संपलं. संध्याकाळी ते ऐकतील, बुवा जागेवर. कुणाला काही कळायचं नाही."

"आणि सांगणार नाही तुम्ही?"

"इंजिनियर आहे मी, शैला. गावातल्या लोकांना तुझे आप्पा काय सांगत फिरतात, ऐकलंयस ना? 'आमचं जावई अख्ख्या सातारला वीज देतंय.' आता काय सांगू, की दोन तारा जोडता येत नाहीत म्हणून?"

"मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. "सांगायचं तर तुम्हीच सांगायचं. घड्याळ तेवढं परत लावा, आई ते बघून चहा टाकते."

मी तारा बदलल्या. कापड ठोकलं. घड्याळ लावलं.

संध्याकाळी मामा ऐकायला बसायलाच तयार नव्हते. "काय करायचं ऐकून," म्हणाले. मी फारच गळ घातली तेव्हा जावयाचा शब्द मोडवेना म्हणून खुर्चीत बसले. शैला दारात उभी राहिली, पण टेपकडं नाही, माझ्याकडं बघत.

कॅसेट सुरू झाली. पखवाजावर थाप पडली ती पोटात उतरली. आणि बुवा आले. अगदी कॅलेंडरखाली मांडी घालून बसले. हा फरक मलासुद्धा कळला.

मामांचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. ते पुढं झुकले. "आले! मंडळी, बुवा आले!"

"बघा!" मी म्हणालो. "मी सांगत नव्हतो?"

एक अभंग झाला. दुसरा सुरू झाला. आणि बघता बघता मामांचा चेहरा उतरायला लागला. त्यांनी उठून टेप बंद केला.

"काय झालं मामा? बुवा आहेत की."

"आज हायत," मामा म्हणाले. "काल नव्हते. उद्या असतील का? कान पार गेला तर माणूस हात जोडून थांबतो. पर ह्यो कान येतोय-जातोय. आज पेटी लावून द्यायची, आणि उद्या भर देवळात ती बेसूर बोलली तर? मला तर ती लावताना बरोबरच वाटंल. असल्या कानांवर पेटी सोडायची न्हाई, पाव्हणं. त्यापरीस बहिरा झालेला बरा."

शैला आत निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला आलो तेव्हा मामा दुकानातली हत्यारं फडक्यात बांधत होते. कानशी, चिमटे, पितळेचे तुकडे, दुपाखी काटा. एकेक वस्तू पुसून, शेजारी शेजारी मांडून. सासूबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या, त्यांच्या मागं शैला. तेवढ्यात बाहेर सायकल लावल्याचा आवाज झाला आणि इनामदारबाई आत आल्या. ठेंगणी, गोरी, ठसठशीत आवाजाची बाई.

"म्हादबा, झाली का माझी पेटी?"

"बाई, पेटी घेऊन जावा," मामा म्हणाले. "मिरजंला द्या कुणाकडं. मी हात लावलेला न्हाई, जशी हुती तशीच हाय. माझ्याच्यानं आता हुयाचं न्हाई."

"रविवारी कार्यक्रम आहे, आणि तुम्ही मला मिरजेला पाठवता? काय झालंय काय तुम्हाला?"

"कान गेला, बाई."

इतक्या साध्या आवाजात म्हणाले. पाऊस थांबला म्हणावं तसं.

"मामा," मी म्हणालो. "तुमचा कान गेलेला नाही. वायर मी उलटी जोडली होती."

मग मी सगळं एका दमात सांगून टाकलं. लाल-काळ्या तारा, रशीदभाई, सेल, घड्याळ, गुपचूप केलेली दुरुस्ती.

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लई गुणाचं हायसा, पाव्हणं."

"म्हणजे?"

"म्हाताऱ्याचं मन राखायला सोताच्या अंगावर घेताय. इंजिनियर माणूस दोन तारा चुकंल व्हय? शैला, नशीब काढलंस पोरी."

"अहो मामा, खरंच चुकलो!"

"ऱ्हाऊ द्या."

मी इनामदारबाईंकडं पाहिलं, शैलाकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चूक कबूल करत होतो आणि कुणी ती घ्यायला तयार नव्हतं.

"पारख करा," इनामदारबाई म्हणाल्या. शिक्षिकाच त्या. "म्हादबा, तुम्ही खुर्चीत बसा. जावईबापू, तुम्ही खोक्यांमागं जाऊन तारा पाहिजे तशा बदला नाहीतर बदलू नका. म्हादबांनी सांगायचं, सरळ का उलटी. कान जात-येत असेल तर उत्तरं चुकतील. वायर जात-येत असेल तर चुकणार नाहीत."

"आणि त्यांनी डोकावून बघितलं तर?" सासूबाईंनी विचारलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यावर आंधळा विश्वास कधी टाकला नव्हता.

मग सगळे दुकानातून आतल्या खोलीत गेलो आणि चादर आली. एक टोक शैलानं धरलं, एक सासूबाईंनी. खोक्यांपुढं चादर, पलीकडं मामा खुर्चीत, अलीकडं मी गुडघ्यांवर.

"मंगलाष्टकं म्हणू का?" इनामदारबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. मामांचा श्वास मला चादरीतून ऐकू येत होता.

पहिल्यांदा मी एका खोक्याच्या तारा उलट्या केल्या. टेप लावला. दोन ओळीसुद्धा झाल्या नसतील.

"उलटी," पलीकडून आवाज आला. "बुवा न्हाईत."

बरोबर. मी सरळ केल्या. "सरळ." परत टेप बंद केला, खुडबुड आवाज केला, स्क्रू पिळल्यासारखं केलं, पण तार हलवलीच नाही.

"कायबी केलं न्हाई तुम्ही. नुसतं खुडबुडताय."

सासूबाईंच्या हातातलं चादरीचं टोक हललं. इनामदारबाई पाटीवर खडूनं रेघा ओढत होत्या. चौथं बरोबर. पाचवं बरोबर. सहाव्याला मी जरा चलाखी केली. दोन्ही खोक्यांच्या तारा उलट्या करून टाकल्या. दोन्ही उलटी म्हणजे पडदे परत एकमेकांच्या जोडीनंच हलणार.

या वेळी अख्खं कडवं वाजून झालं. मग मामा म्हणाले, "आता तुम्ही काय केलंय देव जाणे. पर बुवा जाग्यावर हायत. सरळ."

सातवं. आठवं. आठही रेघांवर इनामदारबाईंनी बरोबरची खूण केली आणि खडू खाली ठेवला.

"चादर सोडा," त्या म्हणाल्या.

चादर खाली आली. मामा खुर्चीत ताठ बसले होते. ते उठले, माझ्यापाशी आले, खाली वाकून त्या पांढऱ्या तारा त्यांनी बोटांनी चाचपल्या.

"म्हंजे चूक तुमची."

"हो मामा."

"माझा कान..."

"ठणठणीत."

ते सावकाश उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील ते खरं. पण त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरायला लागले, खांदे हलायला लागले, आणि एकदम ते एवढ्या मोठ्यानं हसले की टेपवरची कॅसेट खाली पडली.

"चुकला!" ते ओरडले. "अगं, जावई चुकला! दोन तारा जोडता येत न्हाईत ह्याला!" आणि तसेच रस्त्याकडच्या दारात गेले. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून मान वर केली. "गणपतराव! आमच्या जावयानं वायर उलटी जोडली! इंजिनियर हाय आणि वायर उलटी जोडली!" पेढे वाटावेत तसं सांगत होते. गणपतरावांना काय कळणार. त्यांनी आपला नमस्कार केला.

मग मामा वळले, तरातरा माझ्यापाशी आले आणि माझा कान धरला. "गाढवा! दोन दिवस मला बहिरा करून ठेवलंस. तोंड उघडायला काय झालं हुतं? अनारसा अडकला हुता?"

"अहो!" सासूबाई किंचाळल्या. "जावई आहे! धोंड्याचा महिना आहे! कान काय धरताय, गाढव काय म्हणताय!"

"गाढव न्हाई तर काय म्हणू?" मामा म्हणाले, पण कान सोडून त्यांनी त्याच हातानं माझी मान धरली आणि मला स्वतःकडं ओढलं. त्यांचे डोळे भरलेले होते. "बांधलेली हत्यारं सोड. बस हितं. भाता मारायला माणूस पायजे मला."

तो अख्खा दिवस मी दुकानात जमिनीवर बसून इनामदारबाईंच्या पेटीचा भाता हलवला. माझ्या पायावर पाय पडला तरी कुणी माफी मागितली नाही. दुपारी सासूबाईंनी सहज विचारलं, "आणखी वाढू?" आणि मी नको म्हणालो, तर चक्क वाढलं नाही. मामांची कानस मात्र सुरांवर अशी फिरत होती, की थांबायचं कुठं ते तिला आधीच ठाऊक असावं.

चौथ्या दिवशी सकाळी मी अजून अंथरुणात होतो. पांघरूण ओढलं गेलं.

"ऊठ. बाईंची पेटी पोचवायची हाय."

"मी?"

"मग काय मी उचलू? साठी उलटली माझी."

पेटी डोक्यावर घेऊन मी विट्याच्या पेठेतून निघालो. पुढं मामा, हात मागं बांधून. वाणी भेटला, थांबले. सगळी गोष्ट पहिल्यापासून. टपालवाला भेटला, थांबले. पुन्हा पहिल्यापासून. मी ओझं घेऊन मागं उभा. देवळाच्या गुरवाला सांगताना तर त्यांनी मला बोटानं दाखवलं, "ह्योच तो." प्रत्येक वेळी गोष्टीतला मी आणखी थोडा बावळट होत होतो आणि मामांचे कान आणखी तीक्ष्ण. गुरवापर्यंत पोचेस्तोवर ते चादरीआडून माझ्या मनातलंसुद्धा ऐकू लागले होते.

इनामदारबाई दारातच उभ्या होत्या. मला बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"म्हादबा, काय हे! जावयाच्या डोक्यावर पेटी? लोक काय म्हणतील? ऐन धोंड्याच्या महिन्यात!"

"त्याला काय हुतंय," मामा चपला काढत म्हणाले. "घरातलाच हाय त्यो."

घाम भुवईवरून डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मामा आत गेले. मागं न बघताच त्यांनी हाक दिली.

"शशिकांता, उंबरा उंच हाय. पाय उचलून ये."